धारची लाइन रोज अकराला जाते

२००५ सालच्या डिसेंबरात आमच्या सहकारी बँकेची धारची लाइन रोज सकाळी अकराच्या सुमाराला जायला लागली आणि दुपारी तीनच्या सुमाराला आपली आपण परत यायला लागली. कोणी तोडत नव्हतं, कोणी जोडत नव्हतं. एखादा कारकून जेवायला उठतो आणि पान खाऊन परत जागेवर येऊन बसतो, तशी ती जायची आणि यायची. कारकुनाला निदान जाब विचारता येतो. लाइनचा जाब मला विचारायचे.

मला विचारायचे, कारण मी बँकेचा कॉम्प्युटर इनचार्ज होतो. देवासच्या मुख्य शाखेतला हेड क्लार्क योगेंद्र टोकेकर हा माणूस इनचार्ज कसा झाला, तर तीन दिवस इंदूरला ट्रेनिंगला जाऊन आला म्हणून. ट्रेनिंगला मीच का गेलो, तर त्या आठवड्यात बाकी सगळ्यांच्या घरी लग्नं होती. तिसऱ्या दिवशी मला एक सर्टिफिकेट मिळालं. त्यावर माझं आडनाव ‘टोकर’ असं छापलं होतं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

लाइनची भानगड थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बँकेचा मोठा कॉम्प्युटर जवाहर चौकात, मुख्य शाखेत. धारकडे जाणारी टेलिफोनवाल्यांची लाइन आमच्या स्टेशन रोडच्या शाखेत येऊन थांबलेली, कारण त्यांच्या पेटीत तिथेच जागा होती. मधलं पावणेदोन किलोमीटरचं अंतर आमचं आम्ही जोडायचं. त्यासाठी संचालक मंडळाने ऑप्टिकल फायबर मंजूर केलं. म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या वेष्टणातली केसाएवढी काच. इकडची डबी विजेचा उजेड करते, तो उजेड काचेतून पळतो, तिकडची डबी त्या उजेडाची परत वीज करते. हिशेब, पासबुकं, सह्यांचे नमुने, सगळं त्या लुकलुकण्यातून जातं. हे मी संचालकांना फळ्यावर खडूने काढून समजावलं होतं. अध्यक्ष भैयासाहेब म्हणाले होते, “टोकेकर, तुम्ही फार सोपं करून सांगता.” त्या वाक्यावर मी महिनाभर तरंगत होतो.

जमिनीखालून तार न्यायची तर रस्ता खोदायला परवानगी हवी. ज्यांचा रस्ता आहे असं मला वाटत होतं ते म्हणाले, रस्ता आमचा नाही, फक्त डांबर आमचं. ज्यांचा रस्ता होता ते म्हणाले, आधी डांबरवाल्यांचं पत्र आणा. विजेच्या खांबांवरून न्यायची तर फॉर्म हवा, आणि तो फॉर्म संपला होता. कधी येईल विचारलं तर बाबू म्हणाला, “भिया, फॉर्म मँगाने का भी एक फॉर्म है.” शेवटी असं ठरलं की लोकांच्या गच्च्यांवरून न्यायची. तेवीस घरं मध्ये येत होती, त्यात आमचंही एक. घराघरात बसून मी दोन दिवसांत एकोणतीस कप चहा प्यालो आणि सगळ्यांची संमती मिळवली.

तार टाकायला इंदूरच्या एका ठेकेदाराचा माणूस आला, उमाशंकर. धारकडच्या राजगढचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. काचेचे दोन केस एकमेकांना जोडताना तो श्वास रोखून धरायचा. आठ दिवसांत त्याने तार टाकली, आमच्या गच्चीवर जिन्याच्या भिंतीला वीस मीटर जास्तीची तार गुंडाळून खिळ्याला टांगली, कारण पुढे कधी जोड द्यायची वेळ आली तर हाताशी तार लागते, आणि तो गेला. मोठा कार्यक्रम झाला. भैयासाहेबांनी नारळ फोडला. धारहून शाखाधिकारी यशवंतराव फोनवर म्हणाले, “येथे सर्व अक्षरे स्पष्ट दिसत आहेत.” यशवंतरावांचे पणजोबा संस्थानात चिटणीस होते. ते फोनवरही खलिता वाचल्यासारखं बोलायचे.

हे झालं नोव्हेंबरात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सोमवारी, अकरा वाजून पाच मिनिटांनी, यशवंतरावांचा फोन आला.

“टोकेकर, आम्ही येथे पूर्णतः अंधारात आहोत.”

“वीज गेली का?”

“वीज आहे. आपण गेला आहात.”

मी धावत डब्यांकडे गेलो. डबीवर एक हिरवा दिवा असतो. तो विझला होता. मी डबी बंद करून चालू केली. ट्रेनिंगमध्ये आम्हाला मुख्यतः हेच शिकवलं होतं. काही झालं नाही. तीन वाजता दिवा आपोआप लागला. मी म्हटलं, असेल काही. मंगळवारी अकराला परत गेला, तीनला आला. बुधवारी तसंच. गुरुवारपासून धारच्या शाखेत लोक अकराच्या आत पोचायला धावपळ करू लागले आणि एका म्हाताऱ्या पेन्शनरने काउंटरवर विचारलं म्हणे की बँकेने दुपारची झोप सुरू केली आहे काय.

आमच्या शेजारी बळवंतराव राहतात. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. ते दिवसभर कुंपणापाशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ला देतात. मी संध्याकाळी फाटक उघडलं की त्यांनी सुरुवातच करावी.

“योगेंद्र, ही उन्हाची करामत आहे. अकराला ऊन चढतं, तार तापते, लांबते. काच लांबली की उजेड पातळ होतो.”

“डिसेंबरात कुठलं एवढं ऊन, काका?”

“मग कबुतरं. कबुतरं अकरालाच बसतात.”

“आणि तीनला उठतात?”

“कबुतराला शिस्त असते,” बळवंतराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी बँकेच्या शिपायाला मुख्य शाखेच्या गच्चीवर कबुतरं मोजायला पाठवलं. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी ते फाइलवर घेतलं होतं.

उमाशंकरला बोलावलं. तो एका खोक्यात एक यंत्र घेऊन यायचा. ते यंत्र तारेत उजेडाचा एक ठोका सोडतं आणि तो कुठून परत फिरला ते मीटरमध्ये सांगतं. तो दुपारी यायचा, मोजायचा, कुठेतरी जाऊन यायचा आणि एक कागद माझ्यासमोर धरायचा. मी सही करायचो. माझ्यासमोर त्या दिवसांत इतके कागद धरले जायचे की सहीसाठी हात आपोआप उचलायचा. तिसऱ्या वेळी तो कागद देऊन तिथेच उभा राहिला.

“साब, एक बात थी. वो आपकी छत पे जो...”

“छत की परमिशन है,” मी म्हणालो. “तेईसों घर की परमिशन फाइल में है. तुम अपने जोड़ देखो.”

“जोड़ तो ठीक है, साब.”

“ठीक है तो लाइन क्यों जाती है?”

तो खोकं उचलून गेला. मला त्याचा राग आला. स्वतःचं काम कच्चं आणि परवानगीच्या गोष्टी काढतो, असं मला वाटलं.

डिसेंबरच्या अखेरीला मी स्वतः धारला गेलो. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, दोन बस, मांडीवर रुमालात गुंडाळलेली, धारच्या टोकाला बसवायची नवीन डबी; देवासच्या डब्या बदलून झाल्या होत्या. यशवंतरावांनी माझं स्वागत एखाद्या वैद्यासारखं केलं. मी जुनी डबी काढली, नवी बसवली आणि घड्याळाकडे पाहत बसलो. अकरा वाजले. दिवा हिरवा. साडेअकरा वाजले. हिरवा. बारा वाजता यशवंतरावांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “आपण शाखेस जीवदान दिलेत.” त्यांनी मला मोहनखेड्याच्या जैन तीर्थाला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी येणारी खास शेव मागवून खायला घातली. बाहेर बारीक पाऊस पडत होता. माळव्यात थंडीत मावठा पडतो, तो पडत होता. सलग तीन दिवस पडला, आणि तिन्ही दिवस लाइन एकदाही गेली नाही. भैयासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सगळ्यांसमोर अभिनंदनाचं पत्र दिलं. त्यावर आडनाव बरोबर होतं.

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला नाही. टेबलावरचे सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी एका व्हाउचरवरचा तोच आकडा तपासत बसलो. फोन थांबला, परत वाजला. शेवटी उचलावा लागला.

“टोकेकर,” यशवंतराव दुःखाने म्हणाले, “जीवदान अल्पायुषी ठरले.”

अपमान माणसाला काय करायला लावतो पाहा. त्या दुपारी मी चार पानी अहवाल लिहिला. विषय: वारंवार खंडित होणारी वाहिनी. निष्कर्ष: तारेची जोडणी निकृष्ट. शिफारस: सदर तंत्रज्ञास कामावरून दूर करावे व ठेकेदारास पुन्हा काम देऊ नये. ‘सदर तंत्रज्ञ’ असं लिहिलं की माणसाचा चेहरा आठवत नाही, म्हणून ते बरं असतं. भैयासाहेबांनी अहवाल वाचला आणि पुढच्या गुरुवारी, जानेवारीच्या बारा तारखेला, संचालकांची बैठक ठेवली. उमाशंकरलाही हजर राहायला कळवलं. ठेकेदाराने इंदूरहून फोनवर सांगून टाकलं, बँक म्हणेल तर त्या माणसाला आजच काढतो.

बुधवारी मला ताप आला. ताप म्हणण्यापेक्षा कणकण. माझी बायको वैष्णवी शाळेत शिकवते, ती निघताना म्हणाली, “घरात कुढत बसू नका. अकराला वर जाऊन ऊन खा. माईंना मी सांगितलंय, आज तुम्हाला गच्चीवर येऊ देतील.”

येऊ देतील, हे शब्द बरोबर होते. आमची गच्ची ही माझ्या आईची, माईची आहे. चार वर्षांपूर्वी मी तिथे वाळत घातलेल्या कुरडयांवर पाय दिला होता. तेव्हापासून मला वर जायची मनाई आहे. तार टाकली तेव्हाही उमाशंकर वर गेला होता आणि मी जिन्यातून सूचना दिल्या होत्या.

तर अकराला मी शाल पांघरून वर गेलो. हातात बँकेने दिलेला मोबाइल होता. माई रजया वाळत घालत होती. देवासच्या थंडीत आमच्याकडे जयपूरच्या नव्हे, घरी भरलेल्या, जाड कापसाच्या चार रजया लागतात. त्यांना रोज ऊन दाखवलं नाही तर माईला घरात ओल आल्याचा भास होतो. जिन्याच्या भिंतीपासून पाण्याच्या टाकीच्या पाइपापर्यंत एक मजबूत काळी दोरी ताणलेली होती. दोन्ही टोकांना माईची ती सुप्रसिद्ध गाठ, जी माझ्या वडिलांनाही सुटत नसे. दोरीवर तीन रजया होत्या. माईने चौथी टाकली आणि फोन वाजला.

“टोकेकर, गेली,” यशवंतराव म्हणाले.

मी दोरीकडे पाहिलं. जिन्याच्या भिंतीवर जिथे वीस मीटर तारेचं वेटोळं टांगलेलं असायला हवं होतं, तिथे नुसता खिळा होता. अंगातली कणकण गेली.

“माई,” मी म्हणालो, “ती चौथी रजई जरा उचल.”

“आत्ताच घातलीये.”

“उचल ना.”

तिने उचलली. गाठ टाकीच्या पाइपावर सैल झाली.

“आली,” फोनमधून आवाज आला. “टोकेकर, आली.”

“परत घाल.”

माईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि रजई परत घातली. गाठ आवळली.

“गेली.”

“उचल.”

“आली. टोकेकर, आपण काय करीत आहात?”

“परीक्षण,” मी म्हणालो. “आणखी एकदा घाल, माई.”

“गेली,” यशवंतराव म्हणाले, आणि मग जरा कातर होऊन, “आपल्या अंगी हे सामर्थ्य होते तर महिनाभर आपण ते का वापरले नाही?”

मी फोन बंद केला आणि टाकीच्या कट्ट्यावर बसलो. काचेतला उजेड सरळ पळतो, हलक्या वळणातूनही पळतो, पण वळण फार आवळलं की तो बाहेर सांडतो. हे इंदूरला दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. महिनाभर धारची बँक माझ्या आईच्या गाठीत अडकत होती. ढगाळ दिवशी रजया बाहेर नसायच्या, म्हणून मला अभिनंदनाचं पत्र मिळालं होतं.

“माई, ही दोरी तुला कुठे मिळाली?”

“खिळ्याला टांगलेली होती. चांगली आहे. गंजत नाही, डाग पडत नाहीत. ती जुनी तार कपड्यांना गंज लावायची.”

“ही बँकेची आहे.”

“हो, तो उमाशंकर म्हणाला मला.”

मी उठून उभा राहिलो. “उमाशंकर इथे आला होता?”

“तीनदा. चांगला माणूस आहे. म्हणाला, माताजी, ये रस्सी नहीं है, इसमें बैंक का काम चलता है. मी म्हटलं, बँकेचा इनचार्ज माझ्याच घरात राहतो. काही असेल तर तो सांगेल मला. मग त्याला चहा दिला. त्याच्या मुलीची बारावी आहे यंदा, गणिताला घाबरते म्हणे.” माईने रजईची घडी सारखी केली. “तू काही बोलला नाहीस, तेव्हा मला वाटलं, चालत असेल.”

मी खाली आलो तो थेट कुंपणापाशी. का गेलो ते मला माहीत नाही. माणसाला धक्का बसला की तो जवळच्या खुर्चीकडे जातो, आणि जवळच्या खुर्चीत बळवंतराव होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची कुंपणाच्या आणखी जवळ ओढली.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “ऐक. हे कोणाला बोललास?”

“तुम्हालाच.”

“मग झालं. आज ती तार सोडून ठेव. उद्या बैठकीत तुझा अहवाल मंजूर होईल. त्या माणसाला काढतील. परवापासून लाइन नीट चालेल. लोक म्हणतील, टोकेकर बरोबर बोलत होता. तुला दुसरं पत्र मिळेल.”

मला लाज वाटते सांगायला, पण त्या सल्ल्यात एकही तांत्रिक चूक नव्हती. कबुतरांच्या सल्ल्यापेक्षा तो कितीतरी पक्का होता. मी घरात गेलो, अहवालाची प्रत काढली, वाचली. ‘सदर तंत्रज्ञ’ हे शब्द नऊ वेळा आले होते. आता प्रत्येक ठिकाणी मला श्वास रोखून काच जोडणारा माणूस दिसू लागला. माईला मी एवढंच म्हटलं की उद्यापासून रजया कठड्यावर घाल, पण त्या दोरीला हात लावू नकोस, सोडूही नकोस. का ते मी तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी दहाला बैठक. भैयासाहेब मध्ये, दोन बाजूंना सहा संचालक. उमाशंकर दाराशी उभा होता, पायाशी ते खोकं. पहाटेच्या बसने आला होता, स्वेटरला धुळीचा थर होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. भैयासाहेबांनी माझा अहवाल पुढे ओढला आणि म्हणाले, “टोकेकरांनी फार बारकाईने लिहिलं आहे. कोणाला काही बोलायचं आहे का?”

मी उभा राहिलो. मी घरून एक छोटं भाषण तयार करून आणलं होतं, त्यात ‘अनवधान’ आणि ‘परिस्थितीजन्य’ असे शब्द होते. त्यातला एकही शब्द बाहेर आला नाही.

“लाइन माझ्या आईने बंद केली,” मी म्हणालो.

एका संचालकाच्या हातात बिस्किट होतं, ते तिथेच राहिलं.

मी सगळं सांगितलं. रजया, गाठ, मावठा, गेली आणि आली. शेवटी म्हणालो की अहवाल खोटा आहे, तो मी मागे घेतो, आणि उमाशंकरची काही चूक नाही. त्याने मला सांगितलं असतं तर...

“हमने बताया था, साब,” उमाशंकर दारातून म्हणाला. पहिल्यांदाच बोलला. आवाज चढवला नाही. “लिख के दिया था. तीन बार.”

भैयासाहेबांनी फाइल मागवली. माझीच फाइल, मीच पानांवर नंबर घातलेली. त्यांनी एक कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला. उमाशंकरचं अक्षर मोठं आणि गोल होतं.

“दोष १३४० मीटर पर. स्थान: श्री योगेंद्रजी की छत. तार में गाँठ लगी है, ऊपर रजाई सूखती है. माताजी से निवेदन किया. माताजी ने चाय पिलाई और कहा बेटा कहेगा तब खोलेंगे.”

खाली माझी सही होती, आणि सहीच्या वर माझ्याच हाताने लिहिलेलं: पाहिले.

त्यांनी दुसरा कागद वाचला. तोच मजकूर, त्यात चहाबरोबर पोहे वाढले होते. खाली, पाहिले. तिसरा कागद त्यांनी वाचला नाही. माझ्यासमोर सरकवला. मी तो वाचला. खाली तेच, पाहिले. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या टेबलापाशी कळलं. काल मला जो धक्का बसला होता तो आईच्या गाठीचा होता. हा माझ्या स्वतःच्या अक्षराचा होता.

भैयासाहेबांनी चष्मा काढून ठेवला. मग उमाशंकरला म्हणाले, “आप बैठिए पहले.” शिपायाने खुर्ची आणली. “कल आपकी नौकरी जाती इस कागद से. आप बोले क्यों नहीं?”

“बोले थे साब,” उमाशंकर म्हणाला. “सुनने वाला चाहिए.”

असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला, म्हणून ते जास्त लागलं. मी त्याच्यापाशी गेलो आणि माफी मागितली. हिंदीत मागितली. चार वाक्यं होती, त्यातल्या दोनांत माझं व्याकरण चुकलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “कंई नी, साब.” काही नाही, साहेब. पण त्याने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला नाही. ते ठीकच होतं.

भैयासाहेबांनी दोन गोष्टी ठरवल्या. ठेकेदाराला त्यांनी तिथूनच फोन लावला की माणूस उत्तम आहे, चूक बँकेची आहे, आणि तसं पत्र टोकेकर स्वतः लिहितील. दुसरं म्हणजे, संचालक मंडळ स्थळपाहणी करेल. माझं इनचार्जपद काढावं असं एका संचालकाने सुचवलं. मग ते कोणाला द्यावं असा प्रश्न निघाला आणि विषय तिथेच संपला.

अशा रीतीने दुपारी बारा वाजता आमच्या घराच्या जिन्यातून सात संचालक, उमाशंकर आणि मी वर चढलो. बळवंतराव कुंपणापाशी उभे राहिले. इतकी माणसं आमच्याकडे फक्त वडील गेले तेव्हा आली होती, त्यामुळे समोरच्या घरातल्या भवानीबाई डोक्यावर पदर घेऊन धावत आल्या. त्यांना सगळे खुशाल आहेत हे पटवावं लागलं.

माई कठड्याशी उभी होती. भैयासाहेबांनी वाकून नमस्कार केला. “माईसाहेब, बँकेचा अपराध झाला. आपल्या गच्चीवरून काय नेलंय ते आपल्याला सांगायला हवं होतं.”

“बसा,” माई म्हणाली. “कुरडया नाहीत आज.”

उमाशंकरने टाकीच्या पाइपावरची गाठ न सोडता वेष्टण अलगद सोललं आणि आतली काच मोकळी केली. मग गाठीच्या अलीकडे तार कापली आणि खोक्यातून बोटाएवढा एक लाल दिवा काढून त्या कापलेल्या टोकाला लावला. उन्हात काही दिसेना. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कठड्यावरची रजई उचलली आणि गाठीवर धरली. “अंदर आइए,” तो म्हणाला.

भैयासाहेब आधी आत गेले. मग दुसरे संचालक. मग मी गुडघ्यांवर बसून डोकं आत घातलं. कापसाच्या आणि उन्हाच्या वासात, अंधारात, गाठीच्या वळणावर लाल उजेड ठिबकत होता. सगळीकडे नाही, फक्त जिथे वळण आवळलं होतं तिथे. जखमेतून रक्त यावं तसा. मी महिनाभर फळ्यावर खडूने जो उजेड काढत होतो, तो पहिल्यांदा पाहत होतो. मला कधी तो पाहावासा वाटला नव्हता.

माई आत आली तेव्हा आम्हाला बाहेर सरकावं लागलं. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“एवढासा आहे,” ती म्हणाली. “मी रोज त्याच्यावर चार रजया टाकत होते.”

उमाशंकरने गाठीचा भाग कापून काढला. दोन टोकं घेऊन तो सावलीत बसला, श्वास रोखला आणि जोड दिला. मी धारला फोन लावला. यशवंतराव म्हणाले, “उत्तम दिसते आहे. परीक्षण संपले काय?” मी म्हटलं, संपलं.

संचालक चहा पिऊन गेले. उमाशंकर खोकं आवरत होता. माई त्याच्यासमोर पाट टाकून बसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता सांग. सगळं सांग, पहिल्यापासून.”

मी सांगितलं. मोठा कॉम्प्युटर, डबी, काच, लुकलुकणं, धार. भैयासाहेबांना सांगितलं होतं त्यापेक्षा सोपं करून. शेवटी ती म्हणाली, “इथून उजेड धारला जातो. धारहूनही येतो?”

“हो.”

“मग जाणारा आणि येणारा वाटेत एकमेकांवर आपटत नाहीत?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. इंदूरचे तीन दिवस आठवले, फळा आठवला, चार पानी अहवाल आठवला. त्यात कुठेही हे नव्हतं. हा प्रश्न मंडळात कोणी विचारला नव्हता. मलाही पडला नव्हता.

उमाशंकरला आमचं मराठी समजत होतं. त्याने तारेचा कापलेला तुकडा उचलला, वेष्टण सोललं आणि तो माईच्या तळहातावर ठेवला. “दो बाल हैं, माताजी. एक जाने का, एक आने का.” मग तो माझ्याकडे वळला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. “एक ही बाल में दोनों भी चला सकते हैं, साब. दो रंग का उजाला डालना पड़ता है. समझाऊँ?”

मी खाली जाऊन वही आणली आणि त्या दोघांच्या समोर जमिनीवर बसलो.